तुती, किडा आणि मासा

इतिहास म्हटला की राजांच्या वंशावळी आणि लढायांच्या सनावळ्या आपल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. शेतातल्या खतालाही इतिहास असतो, हे आपण विसरतो.

दक्षिण चीनमध्ये कँटन शहराजवळ पर्ल नदीच्या मुखाचा पाणथळ प्रदेश आहे. तेथील शेतकऱ्यांनी सखल जमीन खणून तळी केली व निघालेल्या मातीचे उंच बांध घातले. बांधांवर तुती लावली, तिच्या पाल्यावर रेशमाचे किडे पोसले आणि तळ्यांत मासे सोडले. किड्यांची विष्ठा, उरलेला पाला आणि रेशीम उकलल्यावर कोषांत राहिलेले मेलेले किडे तळ्यात जात. त्यावर मासे पोसत. तळाशी साचलेला कसदार गाळ उपसून शेतकरी तो पुन्हा तुतीच्या मुळाशी घालीत. एकाचे उच्छिष्ट ते दुसऱ्याचे अन्न, असा हा व्यवहार होता.

१९०९ साली अमेरिकन मृदाशास्त्रज्ञ फ्रँकलिन किंग चीनमध्ये हिंडले. तुतीच्या शेतांत कालव्याचा गाळ पसरलेला त्यांनी पाहिला व १९११ साली निघालेल्या आपल्या ग्रंथात वर्णिला. पुढे इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्ट खताची जी पद्धत बसविली, तिलाही चिनी शेतकऱ्यांच्या अनुभवाचा आधार होता. १९३१ साली त्यांनी यशवंत वाड यांच्यासह तिच्यावर पुस्तक लिहिले.

मग इतकी शहाणी व्यवस्था ढासळली कशी? १७५७ मध्ये पाश्चात्त्यांचा सागरी व्यापार एकट्या कँटन बंदरापुरता ठेवण्यात आला, तेव्हा रेशमाची मागणी वाढली आणि तुतीचे बांध पसरले. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत रेशमाचे भाव कोसळले. अनेक बांधांवरची तुती जाऊन ऊस आला. ऊस किडे पोसत नाही. तळ्याला मिळणारे घरचे खाद्य तेथेच थांबले. विसाव्या शतकाच्या अखेरीस कारखाने व शहरे यांनी उरलेली बरीच तळी गिळली.

उत्तरेकडे, ताइहू सरोवराकाठी हुचौ येथे ही पद्धत टिकून आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१७ साली तिला जागतिक कृषिवारशाचा मान दिला.

आज कचऱ्यावर अळ्या वाढवून त्यांची विष्ठा खत म्हणून विकण्याचे उद्योग जगभर निघत आहेत. ते निघावेत, असेच आम्हांस वाटते. मात्र पर्लकाठचा इतिहास आपल्याला एवढे बजावतो की, अशा चक्रातला एक दुवा जरी परवडेनासा झाला, तरी कालचे खत उद्या निव्वळ घाण ठरते. म्हणून खताचा हिशेब मांडताना किड्याच्या पोटाइतकाच शेतकऱ्याच्या पोटाचाही विचार केला पाहिजे.