तळटीप : एका चुलीचे कुटुंब

* लेखकाच्या मनात येथे इरावती कर्वे यांची व्याख्या आहे. ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ (१९५३) या ग्रंथात त्यांनी एक छप्पर, एक चूल, सामाईक मालमत्ता, एकत्र देवधर्म आणि रक्ताचे वा लग्नाचे नाते ही एकत्र कुटुंबाची लक्षणे सांगितली. जनगणनेला नात्याची अट नाही. सामान्यतः एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकघरातले जेवणारी माणसे तिच्या लेखी एक कुटुंब. चाकण-भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यात ही मापे उलटी पडतात. बीड-लातूरकडून आलेले चार कंत्राटी कामगार एका खोलीत भाडे वाटून राहतात, एकत्र शिजवतात, म्हणून कागदावर एक कुटुंब. पण प्रत्येकाचा पगार जातो गावच्या विहिरीला, धाकटीच्या लग्नाला. आय. पी. देसाई यांनी गुजरातेतील महुवा या छोट्या शहराच्या अभ्यासात (१९६४) एकत्रपणा छपरावरून न मोजता मालमत्ता, उत्पन्न आणि परस्पर कर्तव्ये यांवरून मोजला. चाकणला तीच दृष्टी अधिक लागू पडते. मात्र गावी शेत, सासू-सासरे आणि मुलांची शाळा एकटीने सांभाळणाऱ्या पत्नीचे श्रम याही मांडणीत पुरेसे दिसत नाहीत, ही उणीव गंभीर आहे. — संपा.