उस्मानाबाद जिल्हा गर्भाशयमुख कर्करोग तपासणी चाचणी

उस्मानाबाद जिल्हा गर्भाशयमुख कर्करोग तपासणी चाचणी हा महाराष्ट्रातील उस्मानाबाद (२०२३ पासून अधिकृत नाव धाराशिव) जिल्ह्याच्या ग्रामीण भागात १९९९ मध्ये सुरू झालेला सामूहिक आरोग्यविषयक अभ्यास होय. त्यात ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचा समावेश होता. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही (मानवी पॅपिलोमा विषाणू) तपासणीमुळे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू कमी होतात, असे या अभ्यासातून दिसून आले. त्याचे मुख्य निष्कर्ष एप्रिल २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

रोग व जोखीम घटक

गर्भाशयाच्या खालच्या, योनीकडे उघडणाऱ्या भागास गर्भाशयमुख म्हणतात. या भागाच्या जवळजवळ सर्व कर्करोगांचे मूळ कारण एचपीव्हीच्या काही प्रकारांचा दीर्घकाळ टिकणारा संसर्ग हे आहे. त्यांपैकी प्रकार १६ व १८ हे सुमारे ७० टक्के कर्करोगांस कारणीभूत ठरतात. विषाणू व कर्करोग यांमधील हा संबंध दाखविल्याबद्दल जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हा संसर्ग लैंगिक संबंधांतून होतो व अतिशय सामान्य आहे. बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. ज्या थोड्या स्त्रियांमध्ये तो टिकून राहतो, त्यांच्या पेशींत हळूहळू बदल होऊन साधारणपणे १५ ते २० वर्षांत कर्करोग होऊ शकतो. कमी वयात सुरू झालेले लैंगिक संबंध, अनेक बाळंतपणे, तंबाखूचे धूम्रपान आणि एचआयव्हीमुळे क्षीण झालेली रोगप्रतिकारशक्ती यांमुळे धोका वाढतो. 'जोखीम घटक' म्हणजे रोगाची शक्यता वाढविणारी बाब. ती असलेल्या प्रत्येकीस रोग होतोच असे नाही. रोगापूर्वीचा हा दीर्घ काळ हीच प्रतिबंधाची संधी असते.

पार्श्वभूमी

बार्शी (जि. सोलापूर) येथील नर्गिस दत्त मेमोरियल कर्करोग रुग्णालयात मुंबईच्या टाटा मेमोरियल केंद्राच्या साहाय्याने १९८७ मध्ये भारतातील पहिली ग्रामीण लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिच्या क्षेत्रात बार्शीसह उस्मानाबाद जिल्ह्यातील परांडा व भूम या तालुक्यांचा समावेश होता. या भागात स्त्रियांना होणाऱ्या कर्करोगांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे प्रमाण सर्वांत अधिक होते आणि रुग्ण बहुधा रोग बळावल्यावरच रुग्णालयात येत. गावोगावी केलेल्या प्रबोधनानंतर रोगाचे निदान आधीच्या अवस्थेत होऊ लागल्याचे १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले.

उस्मानाबाद जिल्ह्याची वस्ती मुख्यतः ग्रामीण व शेतीवर अवलंबून असलेली आहे. लातूर–बार्शी मार्गावरील ढोकीसारखी साखर कारखान्याची मोठी गावे सोडली, तर बहुतांश वस्ती लहान खेड्यांत विखुरलेली आहे. पाश्चात्त्य देशांत रूढ असलेली, दर काही वर्षांनी करावयाची पॅप तपासणी अशा भागात राबविणे अवघड असते. त्यासाठी प्रशिक्षित पेशीतज्ज्ञ, प्रयोगशाळा व वारंवार भेटी आवश्यक असतात. म्हणून आयुष्यात एकदाच केलेली तपासणी कितपत उपयोगी ठरते, हा या चाचणीचा प्रमुख प्रश्न होता.

रचना

जिल्ह्यातील गावांचे ५२ समूह करून त्यांची यादृच्छिक पद्धतीने प्रत्येकी १३ समूहांच्या चार गटांत विभागणी करण्यात आली :

• एचपीव्ही तपासणी : ३४,१२६ स्त्रिया. गर्भाशयमुखाच्या नमुन्यात विषाणूचे डीएनए शोधले जाते.
• पेशी तपासणी (पॅप) : ३२,०५८ स्त्रिया. पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या जातात.
• दृश्य तपासणी (व्हीआयए) : ३४,०७४ स्त्रिया. सौम्य ॲसिटिक आम्ल लावून पांढरे पडणारे डाग डोळ्यांनी पाहिले जातात. निष्कर्ष तत्काळ मिळतो.
• तुलना गट : ३१,४८८ स्त्रिया. यांना नेहमीची उपलब्ध आरोग्यसेवाच मिळाली.

आरोग्य कार्यकर्त्यांनी गावांत जाऊन स्त्रियांना माहिती दिली व प्रशिक्षित परिचारिकांनी तपासणी केली. दोष आढळलेल्या स्त्रियांची दुर्बिणीद्वारे पुढील तपासणी करून आवश्यकतेनुसार उपचार करण्यात आले. टाटा मेमोरियल केंद्र, बार्शीचे रुग्णालय व जागतिक आरोग्य संघटनेची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी संयुक्तपणे हे काम केले. बिल व मेलिंडा गेट्स प्रतिष्ठानने अर्थसाहाय्य दिले. आर. शंकरनारायणन, बी. एम. नेने, एस. एस. शास्त्री व के. जयंत हे प्रमुख संशोधकांपैकी होत.

निष्कर्ष

आठ वर्षांच्या पाठपुराव्यात एचपीव्ही गटात १२७ स्त्रियांना कर्करोग आढळला व त्यांपैकी ३९ जणींचा रोग दुसऱ्या किंवा त्यापुढील अवस्थेत होता. तुलना गटात ११८ रुग्णांपैकी ८२ जणींचा रोग प्रगत अवस्थेत पोहोचला होता. या कर्करोगाने झालेले मृत्यू अनुक्रमे ३४ व ६४ होते. गटांचा आकार व पाठपुराव्याचा काळ लक्षात घेता एचपीव्ही गटातील मृत्यूचा धोका तुलना गटाच्या ०.५२ पट, म्हणजे सुमारे निम्मा होता. दोन्ही गटांतील एकूण रुग्णसंख्या जवळपास सारखी असूनही मृत्यू घटले. रोग लवकर सापडल्याचा हा परिणाम होता.

पेशी तपासणी व दृश्य तपासणीच्या गटांत प्रगत रोग किंवा मृत्यू यांत लक्षणीय घट आढळली नाही. एचपीव्ही तपासणीत निर्दोष ठरलेल्या स्त्रियांना पुढील काळात कर्करोग होण्याचे प्रमाणही अन्य दोन तपासण्यांत निर्दोष ठरलेल्यांपेक्षा बरेच कमी होते.

दृश्य तपासणीविषयीचा निष्कर्ष मात्र सर्वत्र सारखा नाही. तामिळनाडूतील दिंडीगुल जिल्ह्यात एकदा केलेल्या दृश्य तपासणीने मृत्यू सुमारे ३५ टक्क्यांनी, तर मुंबईतील वस्त्यांत दर दोन वर्षांनी केलेल्या तपासणीने सुमारे ३१ टक्क्यांनी घटले. ही पद्धत तपासणाऱ्याच्या कौशल्यावर अवलंबून असते.

नैतिक वाद

तुलना गटातील स्त्रियांची तपासणी न करता त्यांच्यातील मृत्यूंची नोंद ठेवण्यावर टीका झाली. उपयुक्तता सिद्ध झालेली तपासणी उपलब्ध असताना असा गट ठेवणे अनैतिक आहे, असे अमेरिकी वैद्य एरिक सुबा यांच्यासह काही टीकाकारांचे म्हणणे होते. त्या काळी भारतात संघटित तपासणी कार्यक्रम नव्हता, त्यामुळे नेहमीची सेवा म्हणजे प्रत्यक्षात तपासणीचा अभावच होता, असा प्रतिवाद संशोधकांच्या बाजूने करण्यात आला. गरीब समाजात केलेल्या संशोधनात तुलनेचे परिमाण कोणते असावे, या व्यापक चर्चेत या चाचणीचा उल्लेख होतो.

प्रभाव व सद्यःस्थिती

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एचपीव्ही डीएनए तपासणीस प्राधान्य देण्याची शिफारस केली. तत्पूर्वी २०२० मध्ये तिने २०३० पर्यंतची उद्दिष्टे जाहीर केली : १५ वर्षांच्या आत ९० टक्के मुलींचे लसीकरण, ३५ व ४५ वर्षांपर्यंत मिळून दोन वेळा ७० टक्के स्त्रियांची तपासणी आणि रोग आढळलेल्या ९० टक्के स्त्रियांना उपचार. भारताच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३० ते ६५ वयोगटात दर पाच वर्षांनी दृश्य तपासणी करावयाची असते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या 'सर्व्हाव्हॅक' या लसीस २०२२ मध्ये मान्यता मिळाली. लस घेतलेल्या स्त्रियांनाही पुढे तपासणीची आवश्यकता राहते, कारण लस विषाणूच्या सर्व प्रकारांपासून संरक्षण देत नाही.

जागतिक अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात या कर्करोगाचे सुमारे १.२७ लाख नवे रुग्ण आढळले व सुमारे ८० हजार स्त्रियांचा मृत्यू झाला.