पेट्रोमॅक्स बत्ती : दुरुस्ती व चाचणी

दाब दिलेल्या रॉकेलची वाफ करून जाळीचा मेंटल तापवणारा दिवा. बर्लिनच्या एरिख अँड ग्रेट्झ कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभी तो बाजारात आणला. नाव माक्स ग्रेट्झवरून पडले. महाराष्ट्रात लग्नाच्या वराती आणि तमाशाचे फड या ‘गॅसबत्ती’वर उजळत.

जुनी बत्ती हाती आली की पितळ घासण्याची घाई होते. खरे दुखणे बहुधा पंपात असते. चामड्याचा वॉशर वाळून आक्रसतो. तेलात मुरवला की पुन्हा फुगतो आणि दट्ट्याला हवेचा जोर लागतो. तरीही दट्ट्या आपोआप वर येत असेल, तर पंपाच्या तळाची उलटझडप गळते आहे असे समजावे. वाफनळीतली काजळी काढावी, निपलचे बारीक भोक पिनेने मोकळे करावे.

चाचणी आधी रॉकेलशिवाय: टाकीत हवा भरून सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडा दिसला तर काडी ओढू नये. टाकी गंजून पातळ झाली असेल, तर बत्ती शोभेपुरतीच ठेवावी.

पहिली पेटवणी उघड्यावर, स्पिरिटने वाफनळी नीट तापवून करावी. घाई केल्यास कच्चे रॉकेल भडकते. जुन्या मेंटलमध्ये किंचित किरणोत्सारी थोरियम असते, त्याची राख फुंकू नये.