माळाच्या मातीतली बखर

येरळेच्या वाळूत जुन्या स्पीकरमधला चुंबक फिरवला, की त्याला काळ्या कणांच्या मिशा फुटतात. हे मॅग्नेटाइटच्या कुळातले कण. ते विट्याच्या माळाखालच्या काळ्या दगडातून, म्हणजे बसाल्टातून आले.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजताना या कणांनी त्या वेळच्या चुंबकक्षेत्राची दिशा धरून ठेवली. १९५०च्या दशकात दख्खनच्या खडकांतली ही दिशा मोजली गेली आणि भारत तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, याचा पुरावा मिळाला. खंड सरकतात हे तोवर बहुतेक भूशास्त्रज्ञ मानत नव्हते.

त्याच दशकात, १९५५ साली, फ्रान्समध्ये ल बोर्न्य यांनी दगडाऐवजी मातीकडे पाहिले. वरची माती खालच्या थरांपेक्षा अधिक चुंबकीय असल्याचे त्यांनी नोंदवले. ऊन-पाऊस आणि जिवाणू यांच्या कामातून मातीत लोहाचे अतिसूक्ष्म कण नव्याने तयार होतात. म्हणजे मातीत दोन नोंदी असतात: एक दगडाची, दुसरी माती घडल्याची.

माळावर झाडे लावणाऱ्याला यातली दुसरी नोंद हवी असते. पावसाने वरचा थर वाहून गेला की ती पुसट होते. पण दख्खनमध्ये एक फसगत आहे. आपला दगडच इतका चुंबकीय, की उघड्या मुरमावरही उपकरण मोठा आकडा दाखवते. मोठा आकडा म्हणजे चांगली माती, असे इथे चालत नाही. म्हणून एकच नमुना कमी आणि जास्त अशा दोन वारंवारतांवर मोजतात. दगडातले भरड कण दोन्हीकडे जवळपास सारखाच प्रतिसाद देतात. मातीत घडलेले सूक्ष्म कण जास्त वारंवारतेवर मागे पडतात. या फरकातून माती कुठे टिकली आणि कुठे गेली, याचा अंदाज येतो. मात्र वणवा लागलेल्या जागेची मातीही तापून अधिक चुंबकीय होते. त्यामुळे आकड्याबरोबर गावातल्या म्हाताऱ्यांची आठवणही विचारायला हवी.

विट्याच्या नैऋत्येला सागरेश्वरचे डोंगर आहेत. तिथे धों. म. मोहिते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उजाड डोंगरावर जंगल उभे केले. १९८५ साली त्याचे अभयारण्य झाले. क्षेत्र जेमतेम ११ चौरस किलोमीटर. त्या कामामागे असले उपकरण नव्हते. चिकाटी होती, राखण होती, आणि कुठे काय जगते हे झाडे मरताना पाहून शिकणे होते.

असे शिकायला वर्षे लागतात, आणि रोप मेले की त्या खड्ड्याचा उन्हाळा वाया जातो. चुंबकीय मोजणी इथे उपयोगी पडू शकते. एका टेकडीचे नमुने आधी तपासले, तर उघड्या मुरमावर समतल चर, गवत आणि काटक झुडपे, तर माती टिकलेल्या खोलगटीत मोठी देशी झाडे, असा आराखडा करता येईल. मातीची खोली, ओल आणि चुनखडी मात्र कुदळ मारूनच कळेल.

वृक्षलागवडीच्या मोहिमांत आपण रोपे मोजतो आणि सगळ्या टेकडीला एकच माप लावतो. पण टेकडीच्या दोन उतारांचाही इतिहास सारखा नसतो. खड्डा घेण्याआधी तो वाचावा, एवढेच या काळ्या कणांचे म्हणणे आहे.