पोटात राहिलेला टॉवेल

आपाचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं आणि घरी आल्यावर चौथ्या दिवशी पोट फुगलं, ताप चढला. आत पित्त गळत होतं. पुन्हा दाखल केलं, पोटात नळी घातली, खर्च दुप्पट झाला. मोहल्ल्यात जो तो म्हणे, "डॉक्टरवर केस ठोका." भाचा माझ्याकडे आला. "मामू, तुम्ही शिकलेले. सांगा, करायची का?"

मी वकील नाही, भाषा शिकवतो. पण एक जुना निकाल वाचनात आला होता, आपल्याच औरंगाबादचा.

जुलै १९६३. तिथल्या सरकारी दवाखान्यात एक बाई बाळंत झाली. १३ तारखेला तिची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. मग ताप आणि पोटदुखी. १९ तारखेला पोट पुन्हा उघडलं, तर आत पू, आणि पहिल्या वेळी राहून गेलेला टॉवेल! २४ तारखेला ती गेली. नवरा कोर्टात गेला. खालच्या कोर्टाने ३६ हजार रुपये भरपाई दिली, हायकोर्टाने ती रद्द केली, सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये पुन्हा कायम केली. एवढ्या वर्षांनी ३६ हजारांची किंमत ती काय राहिली असेल!

'अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य' नावाच्या या निकालात कोर्टाने डॉक्टरांची बाजूही नीट मांडली आहे. प्रत्येकाचं कौशल्य वेगळं, उपचाराची पद्धत वेगळी. वाजवी काळजी घेऊनही रोगी दगावला, तर तेवढ्यावरून निष्काळजीपणा ठरत नाही. टॉवेलची गोष्ट निराळी. काळजी घेतली असती तर तो आत राहिलाच नसता. कोणत्या डॉक्टराच्या हातून राहिला हे नक्की सांगता आलं नाही तरी जबाबदारी सरकारची, कारण दवाखाना त्यांचा.

भाच्याला म्हटलं, पित्त गळणं हे टॉवेलसारखं नाही. चांगल्या सर्जनच्या हातूनही ते कधीकधी होतं. झालं का, हे विचारू नकोस. कळलं कधी, आणि कळल्यावर काय केलं, ते बघ. लेखी अर्ज दिला की ७२ तासांत कागदपत्रं द्यावी लागतात. ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते, म्हणजे घाई नाही, पण झोपूनही चालणार नाही.

फाइल मिळाली. दुसऱ्या गावच्या सर्जनला दाखवली. रात्री दाखल, सकाळी सोनोग्राफी, दुपारी नळी. ते म्हणाले, "मीही हेच केलं असतं." संमतीपत्रात हा धोका लिहिलेला होता आणि खाली भाच्याचीच सही होती. अर्थात सही म्हणजे निष्काळजीपणाला माफी नव्हे, पण इथे निष्काळजीपणाच दिसेना.

"पण मामू, कुणी समजावून तर सांगायचं!"

हे मात्र त्याचं खरं होतं. आम्ही केस केली नाही, डॉक्टरांची वेळ मागितली. ते वीस मिनिटं बसून बोलले, चित्र काढून दाखवलं. दुसऱ्या वेळच्या बिलाबद्दल मात्र काहीच बोलले नाहीत.