पक्षाघात आणि घड्याळ : एका उपचाराचा इतिहास

या आजाराला आपल्याकडे लकवा म्हणतात, अर्धांगवायू म्हणतात, आणि गावाकडे 'अंगावरून वारं गेलं' असंही म्हणतात. वारं येतं आणि जातं, त्याला कोण अडवणार? हतबलतेची ही भावना फक्त आपलीच नव्हती. अगदी १९९० पर्यंत जगातल्या मोठमोठ्या इस्पितळांतही पक्षाघाताच्या रुग्णाला खाटेवर ठेवायचं, काळजी घ्यायची आणि वाट बघायची, एवढंच बहुतेक वेळा हातात असे.

असं का? १६५८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या योहान वेप्फर या वैद्याने शवविच्छेदन करून दाखवलं होतं की अशा मृत्यूंमध्ये मेंदूत रक्तस्राव झालेला सापडतो. पुढे कळलं की बहुतेक रुग्णांत उलटंच घडतं, म्हणजे गुठळीने रक्तवाहिनी बंद होते. अडचण अशी की बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. हात लुळा, तोंड वाकडं, बोबडी वळलेली. गुठळी विरघळवणारं औषध रक्तस्राव झालेल्या माणसाला दिलं तर तो दगावायचा. हा फरक जिवंत माणसात झटपट ओळखता येऊ लागला तो सीटी स्कॅनमुळे. त्याचा पहिला रुग्ण लंडनमध्ये, १९७१ साली.

दुसरा धागा १९८१ चा. आस्ट्रुप, सीस्यो आणि सायमन यांनी मांडलं की रक्त तुटल्यावर मेंदूचा सगळा भाग एकदम मरत नाही. मधला गाभा जातो, पण भोवतालचा भाग काम थांबवून तग धरून असतो. त्याला त्यांनी ग्रहणातला शब्द दिला, उपच्छाया. हा भाग वाचवता येतो, पण थोडाच वेळ.

आता बघा, यावरून वाटेल की औषध द्या, काम झालं. पण १९९० च्या दशकात स्ट्रेप्टोकायनेज या औषधाच्या तीन चाचण्या रक्तस्राव आणि मृत्यू वाढल्यामुळे मध्येच थांबवाव्या लागल्या. त्याच सुमारास अमेरिकेत टीपीए या दुसऱ्या औषधाची चाचणी चालू होती. तिथे अट कडक होती. लक्षणं सुरू झाल्यापासून तीन तासांच्या आत औषध, आणि जवळपास निम्म्या रुग्णांना तर दीड तासाच्या आत. रुग्ण ६२४. कोणाला खरं औषध आणि कोणाला नुसतं दिसायला तसं, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलं. डिसेंबर १९९५ मध्ये निकाल छापून आला. तीन महिन्यांनी जवळजवळ पूर्ववत झालेले रुग्ण औषधाच्या गटात शंभरात ३९, दुसऱ्या गटात २६. पण प्रकृती बिघडवणारा मेंदूतला रक्तस्राव ६.४ टक्के विरुद्ध ०.६ टक्के. म्हणजे फायदा खरा आणि धोकाही खरा. यावर डॉक्टरांमध्ये वर्षानुवर्षं वाद झाले, आणि ते व्हायलाच हवे होते. २००८ मध्ये युरोपातल्या चाचणीने ही मुदत साडेचार तासांपर्यंत नेली.

मोठी गुठळी मात्र औषधाला दाद देत नाही. ती नळी घालून बाहेर ओढायची कल्पना २०१३ मध्ये तीन चाचण्यांत नापास झाली. दोनच वर्षांनी, चांगली साधनं वापरून आणि बंद झालेली मोठी वाहिनी आधी चित्रात पाहून रुग्ण निवडले, तेव्हा नेदरलँड्सच्या ५०० रुग्णांच्या चाचणीत ती पास झाली. स्वतःचं स्वतः करू शकणारे रुग्ण १९ वरून जवळपास ३३ टक्क्यांवर गेले.

आणि नंतरची सुधारणा? तिथे तर आपली 'साधी समज'च तपासली गेली. रुग्णाला लवकर उठवावं, जास्त चालवावं, हे कोणालाही पटेल. २०१५ च्या चाचणीत २१०४ रुग्ण होते. पहिल्या चोवीस तासांतच वारंवार उठवलेल्यांपैकी ४६ टक्के चांगले झाले, नेहमीच्या पद्धतीत ५० टक्के. भारतातल्या १४ इस्पितळांत १२५० रुग्णांवर आणखी एक प्रयोग झाला. घरच्यांनाच व्यायाम शिकवून घरी पाठवायचं. आपल्या देशात फिजिओथेरपिस्ट किती गावांत मिळतो? म्हणून आशा मोठी होती. २०१७ मध्ये निकाल आला. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत मृत किंवा परावलंबी ४७ टक्केच. घरच्यांची माया कमी पडली असा याचा अर्थ नाही. नुसत्या मायेवर ही जबाबदारी टाकून व्यवस्थेला मोकळं होता येत नाही, असा मी घेतो.

या साऱ्या इतिहासातून घरी न्यायची गोष्ट एकच. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं, की तेल चोळत बसू नका, सकाळची वाट बघू नका. सीटी स्कॅन असलेलं इस्पितळ गाठा. तिथला डॉक्टर सुरुवातीलाच विचारेल, 'हे शेवटचे ठीक होते ते किती वाजता?' त्या उत्तरावर पुढचं बरंच काही ठरतं. म्हणून घड्याळ बघून ठेवा.