मळी आणि मोटार : श्रीरामपूर परिसरांतील इंधन-मद्यार्काचें पूर्ववृत्त

उंसाच्या मद्यार्कावर मोटारी चालविण्याची योजना सांप्रत सर्वांच्या तोंडीं आहे, व ती अगदीं आजकालची असा पुष्कळांचा समज आहे. हा समज बरोबर नाहीं. या योजनेचें पूर्ववृत्त थोडक्यांत मांडावें, व तिच्यांत खरोखर नवें काय आहे तें दाखवावें, एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतु आहे.

प्रथम शब्दांचा विचार करूं. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत, कोष्ठागाराध्यक्षाच्या प्रकरणीं, फाणित, गुड, मत्स्यंडिका, खंड व शर्करा यांचा एक वर्ग सांगितला आहे. त्याच अधिकरणांत पुढें सुराध्यक्षाच्या प्रकरणीं 'किण्व' सिद्ध करण्याची कृति येते; तींत उडीद व तांदूळ यांचें प्रमाण दिलें आहे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायांत सुरेचे जे तीन प्रकार गणले आहेत, त्यांत गुळाची गौडी ही पहिली. तेव्हां उंसाचा गोडवा आंबविण्याची विद्या येथें प्राचीन आहे, व आजच्या रसायनग्रंथांतील 'किण्वन' हा शब्दहि त्या किण्वावरूनच साधलेला आहे.

मात्र फाणित व मळी यांस एक समजूं नये. फाणित म्हणजे आटवून दाट केलेला उंसाचा रस, आपल्या काकवीच्या जातीचा. मळी म्हणजे साखरेचे स्फटिक वेगळे काढल्यावर कारखान्यांत उरणारा काळा दाट द्रव. त्यांतून आणखी साखर काढणें परवडत नाहीं. पहिला पदार्थ खाण्याचा, दुसरा टाकाऊ. हा भेद वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. शेवटीं त्याचें प्रयोजन पडेल.

आतां स्थलाविषयीं. धोंड-मनमाड लोहमार्ग १८७८ सालीं सुरू झाला. प्रवरातीरींच्या जुन्या बेलापूर गांवाचें नांव दूरच्या स्थानकाला मिळालें, आणि त्या स्थानकाभोंवतीं जी पेठ वसली तीच आजचें श्रीरामपूर. भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें. ओझरच्या बंधाऱ्यापासून निघालेल्या डाव्या कालव्याचें पाणी या बाजूस खेळूं लागलें व पूर्वीच्या ज्वारी-बाजरीच्या रानांत ऊंस उभा राहिला. हरिगांवास बेलापूर कंपनीचा कारखाना निघाला. टिळकनगरास १९३३ सालीं स्थापन झालेल्या महाराष्ट्र शुगर मिल्सचा निघाला. १९५० सालच्या हंगामापासून प्रवरेचा सहकारी कारखाना लोणीस गाळप करूं लागला. प्रस्तुत लेखकाच्या अध्यापनाच्या काळांत गाळपाच्या दिवसांत मळीचा आंबूस वास वर्गांत येई, आणि त्यावरून मुलें वाऱ्याची दिशा सांगत.

एक टन उंसामागें सुमारें ४० ते ४५ किलो मळी पडते, व एक टन मळीपासून सुमारें २२० ते २३० लिटर मद्यार्क निघतो. परंतु भट्टींतून उतरलेला मद्यार्क तसाच पेट्रोलांत घालतां येत नाहीं. साध्या ऊर्ध्वपातनानें त्याची शुद्धता सुमारें ९५ टक्क्यांवर थांबते, आणि उरलेलें पाणी मिश्रणांतून फुटून टांकीच्या तळाशीं बसतें. तें पाणी काढण्यासाठीं पूर्वीं बेंझीन मिसळून पुन्हां ऊर्ध्वपातन करीत. आतां आण्विक चाळणी वापरतात. मोटारीचा मद्यार्क पिण्याच्या मद्यार्काहून वेगळा व महाग पडतो तो यामुळें.

ही कृति माहीत असूनहि ती रुजली कां नाहीं, हा इतिहासाचा प्रश्न आहे. ब्राझिलांत पेट्रोलमध्यें ५ टक्के मद्यार्काचा नियम १९३१ सालींच झाला होता. आपल्याकडे संयुक्त प्रांतानें १९४० सालीं पॉवर अल्कोहोलचा कायदा केला. दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोल दुर्मिळ होऊन कोळशाच्या गॅसवर मोटारी धांवूं लागल्या, व देशी इंधनाची निकड सर्वांस पटली. १९४८ सालीं अखिल भारतासाठीं पॉवर अल्कोहोलचा कायदा झाला. परंतु पुढें १९५४-५५ च्या सुमारास तुर्भ्यास तेलशुद्धीचे कारखाने उभे राहिले, आणि मद्यार्काला दारू व रसायनें यांचे गिऱ्हाईक अधिक किमतीचे भेटले. कायदा पुस्तकांत राहिला. तो रद्द झाला २००० सालीं. आणि दुसऱ्याच वर्षीं, २००१ सालीं, मद्यार्कमिश्रित पेट्रोलचा प्रयोग जेथें आरंभला गेला त्या ठिकाणांत मिरजेबरोबर मनमाडहि होतें, म्हणजे आमच्याच लोहमार्गाचें टोंक.

पुढील क्रम परिचित आहे. २००३ सालीं नऊ राज्यांत ५ टक्के मिश्रण सुरू झालें, २०२२ सालीं १० टक्के झालें, २०२५ सालीं २० टक्क्यांपर्यंत पोंचलें. परंतु खरा पालट २०१८ सालच्या जैवइंधन-धोरणानें घडविला. त्यानें अखेरच्या मळीबरोबर, बरीच साखर शिल्लक असलेली मधली मळी व प्रत्यक्ष उंसाचा रसहि इंधनासाठीं मोकळा केला. टाकाऊचा उपयोग म्हणून जें आरंभलें तें आतां फाणिताच्या वर्गांत शिरलें आहे. यांतील अडचण लगेच दिसून आली. पाऊस कमी पडून साखर घटण्याची भीति उत्पन्न होतांच ७ डिसेंबर २०२३ रोजीं सरकारनें रस व पाक इंधनाकडे नेण्यास बंदी घातली. कांहीं दिवसांतच ती सैल करावी लागली. मळीवर अशी बंदी घालण्याचें कारण नव्हतें, कारण मळी कोणाच्या ताटांतून काढलेली नसते. रसाच्या प्रत्येक लिटरामागें मात्र कालव्याचें पाणी उभें आहे, आणि त्या पाण्यावर खालच्या जायकवाडीचाहि हक्क सांगितला जातो.

हरिगांवचा कारखाना बंद पडला. टिळकनगरच्या कंपनीनें १९९३ सालीं नांव पालटलें. तेथें आतां साखर निघत नाहीं, मद्य निघतें. अशा कारखान्यांच्या मळीच्या जावक-वह्या, वजनकाट्याच्या पावत्या व कालव्याच्या पाळीपत्रकें हीं रद्दीच्या भावानें जातात. सनदा व महजर जपणाऱ्या आपल्या संग्राहकांनीं हे कागदहि जपावे. किती मळी टाकली गेली, किती विकली गेली व कोणास, हें त्यांवरूनच ठरेल. आणि उंसाचें इंधन हें टाकाऊचें सोनें होतें कीं ताटांतल्या घासाचें, याचा निवाडा पुढच्या अभ्यासकाला त्यांच्याच आधारें करितां येईल.